अकरावी कॉलेजात भरते, म्हणून ते 'अर्ली कॉलेज' होत नाही

शिक्षणशास्त्राच्या सिनॉप्सिसमध्ये हमखास सापडेल असं एक वाक्य घेऊ. 'अमेरिकेत अर्ली कॉलेज हायस्कूलचा प्रयोग यशस्वी ठरला आहे, नवीन शैक्षणिक धोरणही त्याच दिशेने जात आहे आणि महाराष्ट्रात कनिष्ठ महाविद्यालयांच्या रूपाने ही व्यवस्था पूर्वीपासूनच अस्तित्वात आहे.' एका वाक्यात तीन दावे. माझ्या मते पहिला बराचसा खरा आहे, दुसरा अर्धवट आहे आणि तिसरा चूक आहे. पण आरआरसीसमोर तुम्हाला 'कशावरून?' असं विचारलं, तर उत्तर देता यायला हवं. म्हणून पहिल्या दाव्यामागचा मुख्य अभ्यास आज नीट वाचू, आणि मग धाराशिव जिल्ह्यात तो किती टिकतो ते पाहू. पेटची तयारी करणाऱ्यांनी आकडे पाठ करायची गरज नाही. आकडा कशाशी तुलना करून आलाय, एवढं पकडलं तरी पुष्कळ झालं.

आधी ही भानगड काय आहे ते. १९७४ साली न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया कम्युनिटी कॉलेजच्या आवारात 'मिडल कॉलेज हायस्कूल' नावाची शाळा सुरू झाली. शाळा अर्ध्यात सोडतील अशी मुलं थेट कॉलेजच्या आवारात आणायची, म्हणजे कॉलेज त्यांना परकं वाटणार नाही, ही मूळ कल्पना. २००१ मध्ये बार्ड कॉलेजने न्यूयॉर्क शहराच्या सरकारी शाळाखात्याबरोबर असाच प्रयोग केला. २००२ पासून गेट्स फाउंडेशनच्या पैशावर तो देशभर पसरला आणि साधारण दहा वर्षांत अशा शाळांची संख्या २४० च्या वर गेली. नववी ते बारावी, काही ठिकाणी एक जादा वर्ष. शाळा लहान, बऱ्याच ठिकाणी चारशेच्या आत पट. घरात याआधी कोणी कॉलेजात गेलेलं नाही, घरची परिस्थिती बेताची आहे, अशा मुलांना प्राधान्य. विद्यार्थ्याला कॉलेजची फी पडत नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, म्हणजे जे आपल्याकडच्या वाक्यांमध्ये कायम गळतं ते. या शाळेतला मुलगा कॉलेजचा जो पेपर देतो, तो दोन्हीकडे मोजला जातो. हायस्कूलच्या दाखल्यासाठी तो धरतात आणि पदवीच्या क्रेडिटमध्येही धरतात. बारावी संपताना त्याच्या हातात वर्ष-दीड वर्षाचे कॉलेज क्रेडिट असू शकतात, कधी कधी पूर्ण दोन वर्षांची असोसिएट पदवी.

सोडत म्हणजे अर्धा अभ्यास

ज्या अभ्यासावर 'यशस्वी' हा शब्द उभा आहे तो अमेरिकन इन्स्टिट्यूट्स फॉर रिसर्च या संस्थेने २०१३ मध्ये 'अर्ली कॉलेज, अर्ली सक्सेस' या नावाने प्रसिद्ध केला. दहा शाळा, २,४५८ विद्यार्थी. हे विद्यार्थी २००५-०६ ते २००७-०८ या काळात नववीत गेलेले.

अभ्यासाची ताकद त्याच्या आकारात नाही, सोडतीत आहे. या दहा शाळांकडे जागांपेक्षा अर्ज जास्त आले, म्हणून त्यांनी सोडत काढली. काहींची चिठ्ठी निघाली, काहींची नाही. आपल्याकडे आरटीईच्या २५ टक्के जागांची सोडत निघते ना, तसंच. आता विचार करा. सोडतीत नाव लागलेला आणि न लागलेला, दोघांच्याही आईबापांनी अर्ज भरला होता. दोघांकडेही तेवढी धडपड होती. फरक फक्त नशिबाचा. त्यामुळे पुढे दोघांच्या शिक्षणात फरक पडला, तर तो शाळेमुळे पडला असं म्हणायला जागा आहे. सोडत नसती तर 'हुशार मुलंच तिथे गेली असतील' हा आक्षेप कधीच पुसता आला नसता.

निकाल असे. सोडतीत नाव लागलेल्यांपैकी ८६ टक्के हायस्कूल पूर्ण झाले, न लागलेल्यांपैकी ८१ टक्के. कॉलेजात प्रवेश घेतला ८० टक्क्यांनी, दुसऱ्या गटात ७१ टक्क्यांनी. आणि अभ्यासाच्या मुदतीत एखादी पदवी हातात पडली २२ टक्क्यांच्या, विरुद्ध बाजूला २ टक्क्यांच्या.

इथे एक बारकावा. तुलना नाव लागलेल्यांची न लागलेल्यांशी आहे. शिकलेल्यांची न शिकलेल्यांशी नाही. नाव लागूनही काही मुलं त्या शाळेत गेली नाहीत, काही मधेच सोडून गेली, तरी ती 'नाव लागलेल्या' गटातच मोजली जातात. नवशिक्यांना हे विचित्र वाटतं, 'जो शिकलाच नाही त्याला का धरायचं?' म्हणून. धरायचं, कारण टिकलेल्यांनाच मोजलं की सोडतीचा फायदा संपतो. टिकणारी मुलं आणि सोडून जाणारी मुलं सारखी नसतात.

इथवर मला हा अभ्यास आवडतो. नॉर्थ कॅरोलायना राज्यात ज्युली एडमंड्स आणि सहकाऱ्यांनीही सोडतीवरच आधारलेला वेगळा अभ्यास बरीच वर्षं चालवला आणि त्याची दिशाही हीच निघाली. दोन स्वतंत्र गट, एकच पद्धत, सारखा कल. शिक्षणाच्या संशोधनात एवढं मिळालं तरी खूप.

आता तक्रारी. पहिली, २४० च्या वर शाळांमधल्या दहाच का? कारण सोडत त्याच शाळेत निघते जिथे अर्ज जास्त येतात, आणि अर्ज जास्त त्याच शाळेला येतात जिचं नाव झालेलं आहे. म्हणजे हा निकाल चांगल्या चाललेल्या अर्ली कॉलेजांचा आहे. सरासरी अर्ली कॉलेजबद्दल तो गप्प आहे. अहवाल हे लपवत नाही, पण त्याचा हवाला देणारे लपवतात, किंवा त्यांच्या लक्षातच येत नाही.

दुसरी तक्रार जास्त गंभीर आहे. २२ विरुद्ध २ हा आकडा पाहून डोळे दिपतात, पण तो बराचसा व्यवस्थेनेच घडवलेला आहे. ज्या शाळेत पदवीचे क्रेडिट शाळेतच मिळतात, तिथल्या मुलांना पदवी लवकर मिळणारच! दुसऱ्या गटातल्या मुलांना ती मिळायला वेळच मिळालेला नव्हता. शर्यतीत एकाला दोनशे मीटर पुढे उभं केलं आणि अर्ध्या वाटेत घड्याळ पाहिलं, तसं. म्हणून याच संस्थेचा २०१९ चा पाठपुरावा वाचायलाच हवा. हायस्कूल संपण्याच्या अपेक्षित वर्षानंतर सहा वर्षं त्यांनी त्याच मुलांचा माग ठेवला. असोसिएट पदवी किंवा प्रमाणपत्र मिळवणारे साधारण २९ टक्के, विरुद्ध ११. आणि चार वर्षांची पदवी मिळवणारे साधारण ३० टक्के, विरुद्ध २५. म्हणजे फायदा टिकला, पण मुख्यतः छोट्या पदवीत. मोठ्या पदवीत पाच टक्क्यांचा फरक उरला. पाच टक्के कमी नाहीत, गरीब घरातल्या पहिल्या पिढीसाठी तर नाहीतच. पण ज्याने २०१३ चा अहवाल वाचून पेपर लिहिला आणि २०१९ चा उघडलाच नाही, त्याने वाचकाला अर्धीच गोष्ट सांगितली.

तिसरी गोष्ट तक्रार म्हणावी की मर्यादा, ठरवता येत नाही. या शाळांमध्ये एकाच वेळी चार-पाच गोष्टी घडतात. आवार कॉलेजचं, पट लहान, खर्च शून्य, क्रेडिट दुहेरी, आणि मार्गदर्शनाला माणूस. निकाल या सगळ्या पुडक्याचा आहे. यातली कुठली गोष्ट काम करते हे सोडत सांगू शकत नाही. पुडकं सोडून त्यातली एकच वस्तू उचलली, तर ती तेवढंच काम करेल याची हमी कोणीही दिलेली नाही.

आपण नेमकी तीच एक वस्तू उचललेली आहे. आवार.

एका गेटात दोन सरकारं

धाराशिव जिल्ह्यात अकरावी-बारावी कॉलेजात कशी आली, हे पाहिल्याशिवाय पुढचं कळणार नाही. १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ झालं. तेव्हा मॅट्रिकनंतर मुलं कॉलेजात पी.यू.सी.ला जायची, आणि पी.यू.सी. विद्यापीठाची असायची. कोठारी आयोगाने १९६६ च्या अहवालात सांगितलं की विद्यापीठांकडचा हा पूर्वपदवी वर्ग शाळेकडे न्या, दहा अधिक दोन अधिक तीन असा आकृतिबंध करा. महाराष्ट्राने १९७५ च्या सुमारास आकृतिबंध घेतला. अभ्यासक्रम आणि परीक्षा मंडळाकडे गेली, पण वर्ग बऱ्याच ठिकाणी होते तिथेच राहिले. कॉलेजच्याच इमारतीत, त्याच गेटात. नाव पडलं कनिष्ठ महाविद्यालय. म्हणजे कोणी मुलांना कॉलेजात 'लवकर' आणलं नाही. ती आधीपासून तिथेच होती, फक्त त्यांच्या डोक्यावरचं छप्पर कागदोपत्री बदललं.

धाराशिवमध्ये या कागदोपत्री बदलाला भूगोलाचीही जोड मिळाली. १९८२ मध्ये उस्मानाबादमधून लातूर जिल्हा वेगळा झाला. १९९४ मध्ये नांदेडला स्वतंत्र विद्यापीठ झालं आणि लातूर-नांदेडची कॉलेजं तिकडे गेली. धाराशिवची मात्र छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाकडेच राहिली. याउलट दहावी-बारावीसाठी धाराशिव लातूर विभागीय मंडळात आहे. म्हणजे उमरग्यात किंवा कळंबमध्ये एकाच आवारात बारावीचा वर्ग आणि बी.ए.चं पहिलं वर्ष भरत असेल, तर बारावीची फाइल लातूरला जाते आणि बी.ए.ची संभाजीनगरला. कनिष्ठचे शिक्षक पदव्युत्तर पदवी आणि बी.एड. करून आलेले, वरिष्ठचे प्राध्यापक नेट, सेट किंवा पीएच.डी. करून. पगाराचं खातं वेगळं, कार्यभाराचा हिशेब वेगळा. इतिहासाचे वरिष्ठ प्राध्यापक मनात आलं म्हणून बारावीला पदवीचा एक पेपर शिकवतील आणि त्याचे क्रेडिट नोंदवले जातील, अशी सोयच या रचनेत नाही. त्यासाठी दोन शहरांतल्या दोन व्यवस्थांनी एका विद्यार्थिनीच्या एका पेपरवर एकमत करायला हवं.

धोरणाचं काय? २०२० च्या राष्ट्रीय धोरणात नववी ते बारावी हा एकच टप्पा धरलाय. वाचणारे इथेच फसतात, कारण अर्ली कॉलेजही नववी ते बारावीच आहे. पण अर्ली कॉलेज त्या चार वर्षांना कॉलेजकडे ओढतं आणि धोरणाचा आकृतिबंध अकरावी-बारावीला शाळेकडे ओढतो. दिशा उलटी आहे. २०२३ च्या नॅशनल क्रेडिट फ्रेमवर्कमध्ये शाळेच्या इयत्तांनाही पातळ्या दिल्या आहेत हे खरं, पण तिथेही बारावी म्हणजे पातळी ४ आणि पदवीचं पहिलं वर्ष म्हणजे ४.५. एकावर एक पायरी. एकच पेपर दोन्ही पायऱ्यांवर मोजायचा, हा त्याचा अर्थ होत नाही. म्हणून दुसरा दावा मी अर्धवट म्हटला.

पटावर कळंब, वर्गात लातूर

समजा एखाद्याने तरीही ठरवलं की आपण धाराशिवच्या कनिष्ठ महाविद्यालयांचं यश मोजू. बारावी विज्ञानचे निकाल घ्यायचे, कॉलेजनिहाय टक्केवारी काढायची, वर 'यशस्वी कनिष्ठ महाविद्यालयांची वैशिष्ट्ये' म्हणून प्रश्नावली द्यायची. असे प्रबंध होतात. मला त्यांच्याबद्दल एकच प्रश्न आहे. ज्या मुलाचा निकाल तुम्ही मोजला, तो त्या वर्गात बसला होता का?

लातूर पॅटर्न कोणाला सांगायला नको. धाराशिवमधून दहावीनंतर लातूरला खोली करून राहणारी मुलं प्रत्येक गावात आहेत. त्यातली काही तिथल्याच कॉलेजात रीतसर प्रवेश घेतात. काहींचा प्रवेश मात्र घराजवळच्या कॉलेजात असतो आणि दोन वर्षं जातात क्लासमध्ये. प्रॅक्टिकल आणि परीक्षेपुरतं गावाकडे यायचं. हा प्रकार काही धाराशिवचा खास नाही. राज्यभर 'इंटिग्रेटेड' या गोंडस नावाने तो चालतो, आणि २०१८ मध्ये शासनाने विज्ञान शाखेच्या कनिष्ठ महाविद्यालयांत बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढला तो याच कारणासाठी. आदेश काढावा लागला, यातच दुखणं किती पसरलंय ते कळतं.

संशोधनाच्या भाषेत याला उपचाराची चुकीची नोंद म्हणतात. औषधाच्या चाचणीत ज्याला गोळी दिली असं लिहिलंय त्याने ती घेतलीच नाही, दुसऱ्याच डॉक्टरची घेतली, तर तुम्ही कुठल्या गोळीचा गुण मोजताय? यू-डायसच्या नोंदीत मुलगा कळंबचा, शरीराने लातूरचा. निकाल लागला की कळंबच्या कॉलेजच्या फलकावर अभिनंदन. आणि या आकड्यात एक माणूस पूर्ण हरवतो. ज्याच्या घरी लातूरच्या खोलीचं भाडं आणि क्लासची फी परवडली नाही, जो खरोखर रोज त्या वर्गात येऊन बसला, तो. त्याला कॉलेजने काय दिलं, हे मोजायचं होतं. सरासरीत त्याच्या शेजारी लातूरचा मुलगा बसला आणि दोघांचा मिळून एक आकडा झाला. चांगल्या निकालाखाली तो दडतो, आणि मग त्याच्यासाठी काही करायची गरजही कोणाला दिसत नाही. आकांक्षित जिल्ह्यांच्या २०१८ च्या यादीत महाराष्ट्रातले जे चार जिल्हे आले त्यात हा जिल्हा आहे. तिथे हा घोटाळा निव्वळ पद्धतीचा राहत नाही.

मग महाराष्ट्रात अर्ली कॉलेजच्या सगळ्यात जवळचं काय आहे? माझं उत्तर अनेकांना आवडत नाही. तंत्रनिकेतन. दहावीच्या गुणांवर प्रवेश, पंधरा-सोळाव्या वर्षी कॉलेजचं शिक्षण, तीन वर्षांनी डिप्लोमा हातात, आणि पुढे जायचं तर अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला. धाराशिवच्या शासकीय तंत्रनिकेतनातून डिप्लोमा झालेला मुलगा त्याच शहरातल्या तेरणा अभियांत्रिकीत डायरेक्ट सेकंड इयरला जाऊ शकतो, आणि त्याचं आधीचं शिक्षण मोजलं जातं. वर्षं वाचत नाहीत हे खरं. दहावीनंतर तीन अधिक तीन, म्हणजे सहा. बारावीच्या वाटेने दोन अधिक चार, तीही सहाच. पण तिसऱ्या वर्षी थांबावं लागलं तर हातात काहीतरी असतं. २०१९ च्या त्या पाठपुराव्यात सगळ्यात मोठा फरक छोट्या पदवीतच होता, हे आठवा. शिक्षणशास्त्राच्या पेपरांत तंत्रनिकेतनाचं नाव या संदर्भात क्वचितच येतं, बहुधा ते 'टेक्निकल' खात्यातलं म्हणून. खात्याच्या भिंती संशोधकाच्या डोक्यातही उभ्या राहतात, त्या अशा. आणि कला शाखेला जाणाऱ्या मुलीसाठी असा कुठलाच रस्ता नाही, हेही त्याच भिंतीमुळे कुणी विचारत नाही.

विचारता येईल असा प्रश्न

आता टीका पुरे. तिसरा दावा चूक आहे हे ठरलं, तर त्यातून एक चांगला प्रश्न निघतो, आणि तो धाराशिवमध्ये विचारता येतो. अमेरिकेच्या पुडक्यातली एकच वस्तू आपल्याकडे पन्नास वर्षं सुटी पडून आहे. मग सुट्या आवाराने काय होतं?

आपल्याकडे अकरावी-बारावीचे वर्ग तीन ठिकाणी असतात. वरिष्ठ महाविद्यालयाला जोडलेले, माध्यमिक शाळेला जोडलेले, आणि स्वतंत्र. जिल्ह्यात आठ तालुके आहेत. तालुक्याच्या गावी सहसा पहिला प्रकार, मोठ्या खेड्यांत दुसरा. ज्या मुलीने बारावी कला वरिष्ठ कॉलेजच्या आवारात केली ती पदवीच्या पहिल्या वर्षाला जास्त जाते का, शाळेच्या आवारात बारावी केलेल्या मुलीपेक्षा? वाटायला वाटतं की हो. तेच गेट, ओळखीचे शिपाई, ओळखीचं ग्रंथालय, फक्त वर्ग बदलायचा. धोरणाप्रमाणे अकरावी-बारावी शाळेकडे गेली तर नेमकं हेच हरवेल, असं कॉलेजवाल्यांचं म्हणणं असतं. उलट बाजूचे म्हणतात की शाळा गावातच असली तर मुली निदान बारावीपर्यंत तरी शिकतात, तालुक्याला पाठवायचं म्हटलं की घरचे दहावीनंतरच थांबवतात. दोघांचंही खरं असू शकतं. आवार एका टप्प्यावर वाढवत असेल आणि त्याच्या आधीच्या टप्प्यावर कमी करत असेल. म्हणून बारावीपासून मोजायला सुरुवात केलीत तर फसाल. दहावी पास झालेल्या मुलींपासून सुरुवात करा.

याच्या आत आणखी एक गोष्ट आहे, जी कुठल्याही परदेशी पेपरमध्ये सापडणार नाही. एसटीचा पास. अहिल्याबाई होळकर योजनेत मुलींना बारावीपर्यंत मोफत पास आहे. बारावी झाली की तीच मुलगी, तीच गाडी, तेच गेट, पण आता विद्यार्थी सवलतीचा पास. ६६.६७ टक्के सूट असते, उरलेले पैसे भरायचे. सरकारच्या दृष्टीने ती शाळेतून कॉलेजात गेली, तिच्या दृष्टीने जिना चढून वरच्या मजल्यावर. त्या जिन्यावर किती जणी थांबतात? पासमुळे थांबतात, लग्नामुळे, की ऊसतोडीला घरची माणसं गेली म्हणून? वाशी-भूम-कळंबकडे तिसरं कारण तुम्हाला पहिल्या दिवशीच ऐकू येईल. पण ऐकू येणं आणि मोजणं वेगळं.

तुलनेची अडचण सांगतो, कारण गाईड तीच विचारणार. तालुक्याला जाणाऱ्या मुली आणि गावातच राहणाऱ्या मुली सारख्या नाहीत. इथे सोडत नाही. गुणांची कट-ऑफ वापरून काठावरच्या मुलांची तुलना करायची पद्धत आहे, आणि २०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर एकाच ऑनलाइन प्रणालीने होतात म्हणून ती आता सुचतेही. पण कट-ऑफ तिथेच उपयोगी, जिथे जागा कमी आणि मुलं जास्त. राज्यात लाखो जागा रिकाम्या राहिल्या. कला शाखेत, आडगावी, कट-ऑफ नावापुरतीच. तिथे ही पद्धत वापरून मोठं नाव देऊ नका. त्यापेक्षा अंतर घ्या. दहावीची शाळा ते जवळचं वरिष्ठ कॉलेज, आणि दहावीची शाळा ते जवळची अकरावी. ही दोन अंतरं मुलीने निवडलेली नाहीत. अर्थात रस्त्यालगतची गावं आणि आडबाजूची गावं आधीपासूनच वेगळी असतात, तेव्हा अंतर म्हणजे सोडत नव्हे. दावा तेवढाच बेताने करायचा.

माहिती कुठे मिळेल? मंडळाचा कॉलेजनिहाय निकाल बारावी पास किती ते सांगेल, कोण कुठे गेलं ते नाही. पुढच्या बॅचसाठी 'अपार' क्रमांकाने शाळा आणि विद्यापीठ जोडता येईल, परवानगी मिळाली तर. जुन्या बॅचसाठी मात्र कार्यालयातली जनरल रजिस्टर आणि दाखल्यांची स्थळप्रतच. त्यात दाखला कधी नेला आणि शाळा सोडण्याचं कारण काय, असा रकाना असतो. कारणात बहुतेक ठिकाणी 'बारावी उत्तीर्ण' एवढंच लिहिलेलं सापडेल, त्याने निराश होऊ नका. तारीख जास्त बोलते. दाखला जूनमध्ये नेला की दोन वर्षांनी नेला, की अजून फाइलीतच आहे, यावरून पुष्कळ कळतं. त्याच आवारातल्या एफ.वाय.च्या प्रवेश नोंदवहीशी नावं जुळवायची, आणि मग न जुळलेल्या नावांमागे घरोघर जायचं. नावं प्रबंधात येता कामा नयेत, क्रमांक द्या. मुलगी अठराच्या आतली असेल तर पालकांचीही संमती घ्या.

जून-जुलैमध्ये या कार्यालयांत जाऊ नका. दाखल्यांची आणि प्रवेशाची रांग असते, क्लार्कला मान वर करायला फुरसत नसते. गणपतीनंतर जा, प्राचार्यांच्या नावाने अर्ज आणि गाईडचं पत्र घेऊन. आणि कनिष्ठचं रजिस्टर बहुधा वेगळ्या कपाटात, वेगळ्या माणसाकडे असतं, तेव्हा अर्ज दोन करा.